शतवार्षिक युद्धाचे परिणाम

इंग्लंड व फ्रान्स या राज्यांत १३३७ ते १४५३ या काळात, मधूनमधून तहांनी खंडित होत, चाललेला संघर्ष शतवार्षिक युद्ध या नावाने ओळखला जातो. इंग्लंडच्या राजाकडे असलेला नैर्ऋत्य फ्रान्समधील ग्वीएन प्रांत फ्रान्सच्या सहाव्या फिलिपने १३३७ मध्ये जप्त केला. तेव्हा तिसरा एडवर्ड (कार. १३२७–७७) याने मातृकुलाच्या आधारे फ्रान्सच्या गादीवरच हक्क सांगितला. क्रेसी (१३४६), प्वात्ये (१३५६) व अ‍ॅजिनकोर्ट (१४१५) या लढाया इंग्रजांनी जिंकल्या. तथापि १४२९ मध्ये जोन ऑफ आर्कच्या प्रेरणेने ऑर्लेआंचा वेढा उठला आणि कास्तीयाँच्या लढाईने (१४५३) ग्वीएन कायमचा फ्रान्सकडे गेला. इंग्रजांकडे फ्रान्सच्या भूमीवर केवळ कॅले उरले. तेही १५५८ मध्ये गेले. ‘फ्रान्सचा राजा’ हा पोकळ किताब मात्र इंग्लंडच्या राजांनी १८०१ पर्यंत सोडला नाही.

प्रादेशिक फेरबदलांपेक्षा करपद्धतीवरील परिणाम अधिक चिरस्थायी ठरले. दीर्घ युद्धाला लागणारा पैसा सरंजामी उत्पन्नातून उभा राहणे अशक्य होते. तो मिळविण्याचे दोन भिन्न मार्ग या देशांत रूढ झाले.

फ्रान्सचा राजा दुसरा जॉन प्वात्ये येथे कैद झाला. त्याच्या सुटकेसाठी ३० लक्ष सुवर्णनाण्यांची खंडणी ठरली व तिच्या भरण्यासाठी १३६० मध्ये मीठ, मद्य आणि इतर मालाच्या विक्रीवर कर बसविण्यात आले. परकी फौजा व बेरोजगार भाडोत्री सैनिकांच्या टोळ्या यांच्या लुटालुटीने त्रस्त झालेल्या प्रजेला राजाची बळकट सत्ता हवीशी वाटू लागली. सातव्या चार्ल्सने (कार. १४२२–६१) १४३९ च्या आज्ञेने सैन्य उभारण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला आणि १४४५ मध्ये खडे घोडदळ निर्माण केले. त्यासाठीचा ताय हा प्रत्यक्ष कर पुढे वर्गसभेच्या संमतीवाचून दरवर्षी वसूल होऊ लागला. सरदार व धर्मोपदेशक यांना तो सामान्यतः माफ असल्याने त्याचा भार शेतकऱ्यांवर पडला. ही विषमता १७८९ च्या क्रांतीपर्यंत टिकली. जुलमी ठरलेला मिठावरील कर क्रांतिकारकांनी १७९० मध्ये रद्द केला.

इंग्लंडमध्ये राजाला प्रत्येक मोहिमेसाठी पार्लमेंटपुढे हात पसरावा लागे. त्याच्या मोबदल्यात सभासद गाऱ्हाणी मांडीत व हिशेब मागत. १३७६ मध्ये कनिष्ठ सभेने राजाच्या मंत्र्यांवर महाभियोग चालविला, तर १४०७ मध्ये आर्थिक अनुदानाचा आरंभ कनिष्ठ सभेतूनच व्हावा, हे तत्त्व मान्य झाले. अर्थात पार्लमेंटची संमती म्हणजे जनतेची संमती नव्हे. युद्धखर्चासाठी बसविलेल्या डोईपट्टीतून १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव उद्‌भवला. पराभवाने डळमळलेली राजसत्ता आणि सरदारांच्या पदरच्या सशस्त्र टोळ्या यांमुळे तेथे १४५५ पासून गुलाबांची युद्धे भडकली.

या युद्धाने दोन्ही देशांत राष्ट्रभावना दृढ केली, असे सामान्यतः मानतात. इंग्लंडमध्ये न्यायालयीन कामकाज इंग्रजीत चालविण्याचा कायदा १३६२ मध्ये झाला. परंतु बर्गंडीचा ड्यूक दीर्घकाळ इंग्रजांच्या बाजूस होता व मद्यव्यापारामुळे इंग्लंडशी जोडलेल्या बॉर्दो शहराने १४५२ मध्ये इंग्रज सैन्याचे स्वागतच केले. यावरून राष्ट्रभावना हे युद्धाचे कारण नसून त्याचे सावकाश पक्व झालेले फळ होते, असे दिसते.