मणिबंध-नलिका लक्षणसमूह व त्यावरील हस्तोपचार

मणिबंध-नलिका लक्षणसमूह : मनगटातील अरुंद मार्गातून तळहातात उतरणाऱ्या मध्य तंत्रिकेवर (मज्जातंतूवर) दाब पडून हातास मुंग्या, बधिरता, वेदना व पुढे दुर्बलता येणे, या विकारास ही संज्ञा आहे. मनगटाच्या आठ लहान हाडांची कमान हा या नलिकेचा तळ असून आडवा, जाड अस्थिबंध हे तिचे छत होय. तिच्यातून बोटे मिटविणाऱ्या स्नायूंच्या नऊ कंडरा (स्नायू हाडास जोडणारे दोर) व मध्य तंत्रिका जातात. नलिकेच्या भिंती फारशा ताणल्या जात नाहीत. त्यामुळे कंडरांवरील आवरण जाड झाले किंवा सुजले, की तंत्रिकेचा रक्तपुरवठा मंदावतो.

लक्षणे अंगठा, तर्जनी, मध्यमा व अनामिकेची अंगठ्याकडील बाजू यांत आढळतात. करंगळीची तंत्रिका निराळी असून ती या नलिकेतून जात नाही. तळहाताच्या मध्यभागाची संवेदनाही बहुधा शाबूत राहते, कारण तेथे जाणारी शाखा नलिकेच्या आधीच फुटते. झोपेत मनगट मुडपलेले राहते व आतील दाब वाढतो. म्हणून मध्यरात्री जाग येणे व हात झटकल्यावर बरे वाटणे ही तक्रार इतकी ठरीव आहे, की ती ऐकताच निदान निम्मे होते.

जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये मनगटाच्या अस्थिभंगानंतर या तंत्रिकेवर आलेल्या दाबाचे वर्णन केले. प्येअर मारी व शार्ल फ्वा यांनी १९१३ मध्ये अस्थिबंध छेदण्याची सूचना केली. विसाव्या शतकाच्या मध्यास जॉर्ज फेलन यांच्या लेखनाने विकार सर्वपरिचित झाला. मनगट सुमारे एक मिनिट पूर्ण वाकवून धरण्याची कसोटी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. गर्भावस्था, मधुमेह, अवटू ग्रंथीचे मंदकार्य व संधिवात यांत त्याचा संभव वाढतो. जोर लावून वारंवार करावयाची हातकामे व कंप पावणारी हत्यारे यांचा संबंध चांगला प्रस्थापित झालेला आहे; संगणकाच्या कळफलकावर मात्र पुराव्याच्या मानाने अधिक दोष टाकला जातो.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील हिमरू व त्याच जिल्ह्यातील पैठणची पैठणी हे हातमागाचे व्यवसाय या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. पैठणीच्या पदरावरील नक्षीसाठी विणकर निरनिराळ्या रंगांच्या धाग्यांच्या छोट्या कांड्या ताण्यातून बोटांनी ओवतो, आणि एका लुगड्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. धागा चिमटीत धरणे व तो ओळखणे ही दोन्ही कामे मध्य तंत्रिकेवर अवलंबून आहेत. अंगठा व तर्जनीची टोके बधिर झाली, तर अशा कारागिराच्या हातातून वेदनेच्या आधी कसब जाते.

सौम्य व मध्यम अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी हा पहिला उपाय होय. तिच्या जोडीस ताण-व्यायाम दिले जातात. कंडरा सरकविण्याच्या व्यायामात बोटे सरळ, आकड्यासारखी व मुठीत अशी क्रमाने आणतात. तंत्रिका सरकविण्याच्या व्यायामात मनगट, कोपर व मान यांच्या स्थिती सावकाश बदलतात; मुंग्या वाढताच थांबावयाचे असते. मनगट जोराने मागे किंवा पुढे दाबून धरणे हा लोकप्रिय समज मात्र घातक आहे. त्या स्थितीत नलिकेतील दाब वाढतो, म्हणजे रोगाचे कारणच व्यायाम म्हणून केले जाते. हस्तोपचारात प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ मनगटाची हाडे हळुवार हलवितो, तळहाताच्या दोन्ही कडा बाहेर ताणून अस्थिबंध सैल करण्याचा प्रयत्न करतो आणि प्रकोष्ठाचे (कोपर ते मनगट या भागाचे) स्नायू व मान यांवरही उपचार करतो. तेलाने मनगट रगडणे म्हणजे हस्तोपचार नव्हे.

स्पेनमध्ये १२० स्त्रियांवर केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्यास एक याप्रमाणे तीन वेळा हस्तोपचार केलेल्या गटास पहिल्या तीन महिन्यांत शस्त्रक्रियेच्या गटापेक्षा अधिक आराम पडला. सहा महिने व एक वर्ष यांनंतर फरक उरला नाही. तीत उपचाराविना ठेवलेला गट नव्हता. त्यामुळे आपोआप किती जणी सुधारल्या असत्या, हे तीवरून ठरत नाही. व्यायामांविषयीचा एकूण पुरावाही दुबळाच आहे. नलिकेजवळ कॉर्टिकोस्टेरॉइडाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) केल्यास काही आठवड्यांत लक्षणीय आराम मिळतो, पण तो अनेकदा तात्पुरता असतो.

बधिरता सतत राहू लागली, हातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा झडलेला दिसला, तर व्यायामांत महिने घालविणे योग्य नाही. अशा वेळी तंत्रिका-संवहन चाचणी करून अस्थिबंध छेदण्याची शस्त्रक्रिया विचारात घ्यावी लागते. ती बहुधा स्थानिक भूल देऊन होते व रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतो. रात्रीच्या वेदना लवकर थांबतात. पकडीतील जोर परत येण्यास आठवडे ते महिने लागतात. झडलेला स्नायू मात्र शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होतोच असे नाही.