स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराशी संवाद

‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने आपल्याकडे एका आजारावर दीर्घकाळ पडदा टाकला आहे. वृद्ध व्यक्ती तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागली, अथवा पैसे ठेवल्याची जागा विसरून घरच्यांवरच आळ घेऊ लागली, की ‘म्हातारचळ’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते. वस्तुतः हा मेंदूचा विकार असू शकतो. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. स्मृतिभ्रंशाच्या कारणांत अल्झायमरचा वाटा सर्वाधिक आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना, म्हणजे शेकडा ७.४ जणांना, स्मृतिभ्रंश आहे. शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आहे.

शिरूर व दौंड तालुक्यांतील ज्या घरांतून मुले नोकरीधंद्यासाठी पुण्याकडे गेली आहेत, तेथे अशा रुग्णाची शुश्रूषा वृद्ध पती वा पत्नीलाच करावी लागते. ज्याच्याशी उभा जन्म सुखदुःखाच्या गोष्टी केल्या, त्याच्याशी आता बोलावे कसे, हाच त्यांच्यापुढील बिकट प्रश्न असतो.

आधी तपासणी

‘ब-१२’ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचे विकार व नैराश्य यांतही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करावी. ऐकू कमी येते काय, चष्मा योग्य आहे काय, हेही पाहावे.

परीक्षा नको, आधार हवा

या आजारात अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात. जुन्या बराच काळ टिकतात. त्यामुळे “मी कोण, सांगा पाहू?” असे विचारणे म्हणजे रुग्णाला नापास करण्यासाठीच परीक्षा घेणे होय. समजा, दौंड जंक्शनवर हयात घालविलेले एखादे सेवानिवृत्त कर्मचारी पहाटे उठून “ड्यूटीला निघालो” म्हणतात. “तुम्हांला निवृत्त होऊन वीस वर्षे झाली” असे पत्नीने बजावले, तर वाद मात्र वाढेल. त्याऐवजी “अहो, आधी चहा घ्या. तुमच्या वेळी मनमाडकडे कोणत्या गाड्या जात?” असे म्हटल्यास मन शांत होऊन विषय आपोआप पालटण्याचा संभव अधिक असतो.

रुग्णाला नावाने हाक मारून बोलावे, असे सांगितले जाते. परंतु आपल्याकडील वृद्ध स्त्रीने पतीचे नाव घेतले ते उखाण्यातच! म्हणून वर्षानुवर्षे ज्या संबोधनाची सवय आहे, तेच वापरावे. तिचे नेहमीचे “अहो” किंवा त्याची “अगं, ऐकलंस का?” ही हाक नावापेक्षा अधिक ओळखीची असते.

बोलताना समोर बसावे आणि दूरदर्शन संच बंद ठेवावा. एका वेळी एकच लहान वाक्य बोलावे व उत्तरासाठी धीराने थांबावे. “काय जेवाल?” यापेक्षा “भाकरी वाढू की भात?” हे सोपे, दोन्ही समोर दाखविणे त्याहून सोपे. रुग्ण अकारण चिडला असे वाटले, तरी भूक, वेदना अथवा लघवीची भावना त्याला शब्दांत सांगता येत नसेल, हे ध्यानात घ्यावे. पुढे शब्द हरपले तरी आवाजातील माया व हाताचा स्पर्श कळतो. जात्यावरची ओवी किंवा नित्याचा अभंग गुणगुणल्यास ओठ हलू लागतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

गावाचे कर्तव्य

धीर धरणारी व्यक्तीही थकते. शेजाऱ्यांनी आठवड्यातून काही तास रुग्णाजवळ बसावे. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ग्रामसभेत आणि शाळेत हा विषय समजावून सांगावा. मुलांनी अशा आजोबा-आजींची थट्टा करू नये. रुग्ण वाट चुकून विहीर, कालवा वा लोहमार्गाकडे जाऊ शकतो. म्हणून त्याच्या खिशात नाव, गाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी आणि पोलीस पाटलांना पूर्वकल्पना द्यावी. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ या निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत.

रुग्णाला आपले जग पुन्हा शिकविता येत नाही; त्याच्या जगात आपल्यालाच जावे लागते. हे उमगले, की पती-पत्नींतील संवाद आजारातही तुटत नाही.