दान झाकलेले, हिशेब उघडा

२३ एप्रिल २०२१. रमजानचा दहावा रोजा आणि शुक्रवार. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नागपूरचे दवाखाने ऑक्सिजनची वाट पाहत होते. त्या दिवशी विशाखापट्टणमहून भरलेले टँकर घेऊन मालगाडी नागपुरात आली. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन निघालेली ही देशातील पहिली ‘ऑक्सिजन एक्स्प्रेस’. तीन टँकर इथे उतरले, उरलेले नाशिकला गेले.

त्याच रमजानमध्ये नागपूरचे वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी पदरचे सुमारे ८५ लाख रुपये खर्चून शहरासाठी ऑक्सिजनचे टँकर मिळवले. कधीकाळी नागपूर रेल्वे स्थानकाबाहेर संत्री विकणारा हा माणूस. प्रशासनाने खर्च परत देऊ केला, तेव्हा ही आपली जकात आहे, असे सांगून त्यांनी तो नाकारला.

जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या, ठरावीक मर्यादेवरील संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा. ती गरजूंचा हक्क मानली जाते. दानाबद्दल पैगंबरांची शिकवण अशी, की उजव्या हाताने दिलेले डाव्या हातालाही कळू नये. मग मदतीचा हिशेब जाहीर करणे या शिकवणीत बसते का?

बसते. जकातीचा पैसा कुणाला द्यावा, याचे आठ वर्ग कुरआनने सांगितले आहेत. त्यात जकात गोळा करून तिची व्यवस्था पाहणारेही आहेत. कुरआनातील सर्वांत मोठी आयत तर देण्याघेण्याचे व्यवहार साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवायला सांगते. दुसऱ्यासाठी हाती आलेला पैसा ही अमानत, आणि अमानतीचा जाब द्यावाच लागतो.

ऑक्सिजनच्या टंचाईत हेच काम तंत्रज्ञानाने केले. केंद्र सरकारने टँकरांवर जीपीएस सक्तीचे केले आणि ऑक्सिजनसाठी डिजिटल मागोवा यंत्रणा उभारली. ई-वे बिलावरून कुठला टँकर कुठून किती माल घेऊन निघाला, हे कळे. जीपीएस किंवा चालकाच्या मोबाइलवरून तो कुठे पोहोचला, हे दिसे. वाटेत रेंगाळला किंवा रस्ता सोडला, तर सूचना जाई. टँकर वळवल्याची अफवा उठली, तरी पडताळायला नोंद हाताशी असे.

मात्र नोंद टँकरची होती, त्यातला श्वास घेणाऱ्या रुग्णाची नव्हे. नेमका हाच फरक वस्तीतल्या मदतीत विसरला जातो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी घरांत शिरले. अशा वेळी धान्य, चादरी, औषधे चहूकडून येतात. किती आले, कुठल्या गल्लीत किती गेले, किती उरले, हे कुणी लिहिले नाही तर एका घरी तीन किट पोहोचतात आणि पलीकडची गल्ली उपाशी राहते. मोबाइलवर फिरतो तो मात्र किट घेणाऱ्या बाईचा खाली मान घातलेला फोटो.

यंदाही रमजानमध्ये मशिदी, मंडळे, तरुणांचे गट किट वाटतील. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर नको. मोबाइलमधील एक तक्ता आणि कूपनचा क्रमांक पुरेसा आहे. मालाचा आकडा सर्वांना दिसावा. घेणाऱ्याचे नाव जबाबदार माणसापाशी राहावे आणि चेहरा कुठेच जाऊ नये. देणाऱ्याचा विश्वास टिकतो, आणि घेणाऱ्याला ईदच्या नमाजला जाताना कुणाची नजर चुकवावी लागत नाही.