एचआर म्हणजे नुसतं टाइम ऑफिस नव्हे

कामाच्या ठिकाणचं मानसशास्त्र हे पुण्यातल्या आयटीवाल्यांचं खूळ, आपल्या शॉपफ्लोअरवर त्याचं काय काम, असा एक समज कुपवाडपासून साताऱ्याच्या एमआयडीसीपर्यंत आहे. इथला इतिहास वेगळंच सांगतो. कामगारांच्या वागण्यावरचे अमेरिकेतले हॉथॉर्नचे गाजलेले प्रयोग १९२४ मध्ये सुरू झाले. त्याच्या चौदा वर्षं आधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या निवडुंगानं भरलेल्या माळावर कारखाना आणि कामगारांची वसाहत उभारायला घेतली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर ठेवलं. ज्यांना कुणी दारात उभं करत नाही, त्यांच्याच हाती कारखान्याची राखण! पुढे १९३९ मध्ये त्याच संस्थानात, आटपाडीजवळ, स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. तिथे कैदी भिंतीविना, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. माणसावर विश्वास टाकला की तो जबाबदारीनं वागतो, हे आपल्या मातीत करून पाहिलेलं आहे.

दुसरा समज जास्त घातक आहे: ताण मनानं कच्च्या माणसालाच येतो, त्याला समुपदेशकाकडे पाठवलं की झालं. समुपदेशन हवंच. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न निस्तरलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे आधी काम तपासा. पाळ्यांचा तक्ताच बघा ना. सकाळ, दुपार, रात्र असा तो पुढे सरकला तर शरीराला जुळवून घेणं सोपं जातं. रात्रीवरून दुपारी, दुपारवरून सकाळी असा उलटा फिरला तर जड जातं. जाणता एचआरवाला आधी हा तक्ता दुरुस्त करतो, योगशिबिर मग भरवतो.

उद्या हे सगळं एआय करेल, असंही म्हणतात. हजेरी, रजा, पगारपत्रक खुशाल करू दे. माणसं निवडण्याचं मात्र सांभाळून. जुन्या, बहुतांश पुरुषांच्या अर्जांवर शिकलेली ॲमेझॉनची प्रणाली बायकांचे अर्ज मागे टाकत होती. ती सोडून दिल्याचं २०१८ मध्ये उघड झालं.

गाऱ्हाणी ऐकायला तर माणूसच लागतो. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार ५०० कामगार असले की कल्याण अधिकारी नेमावा लागे. २०२० च्या कामगार संहितेत हा आकडा २५० वर आला. या अधिकाऱ्यानं ठेकेदाराच्या माणसांचंही गाऱ्हाणं ऐकून घ्यायला हवं.