जुना संगणक घेताना

सांगलीच्या हळदीच्या पेढीत किंवा साताऱ्यातल्या एखाद्या शाळेच्या कचेरीत हिशेब आणि पत्रे एवढ्यासाठी दुरुस्त केलेला जुना संगणक सहज पुरतो. मग तो रेंगाळतो का? हार्ड डिस्कची तबकडी साधारणतः मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते. हवी ती नोंद हेडखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे १/२४० सेकंद लागतो. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे सव्वा कोटी ठोके पडून जातात! एसएसडीत फिरणारे काहीच नसते. ती बसवली की जुने यंत्रही चपळ होते.

प्रोसेसर मात्र, इंटेलचा असल्यास, आठव्या पिढीचा किंवा पुढचा घ्यावा. त्याआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाहीत, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पेटीची चकाकी मी शेवटी पाहतो. आधी ती उघडायला लावतो.