चेंडू कुणाच्या हाती?

मे महिन्यात अमरावती भट्टीसारखी तापते. म्हणून १९९६ साली शाळेच्या बास्केटबॉल संघातली दहा मुले घेऊन मी आठ दिवस चिखलदऱ्याला गेलो होतो. सकाळी पटांगणावर सराव, संध्याकाळी भीमकुंड नाहीतर गाविलगड.

हवापालट हे निमित्त. खरा घोर निराळाच होता. संघात दोन हिरे होते. एक उंच, अचूक नेमबाज. संघाचे निम्मे गुण त्याचेच. दुसरा धारणीकडचा, वसतिगृहात राहणारा बुटका पोरगा. स्वतः बास्केट बेताच्याच करी, पण नजर चौफेर. आक्रमणाची सूत्रे कुणाकडे द्यायची? आदल्या वर्षी मी ती नेमबाजाकडे दिली होती. ज्याचे नाव मोठे, त्याच्या हाती चेंडू! अंतिम सामना आम्ही हरलो होतो.

दुसऱ्या दिवशी बुटका नुसताच उभा दिसला. मी खडसावले, तर म्हणाला, "सर, बॉल त्याच्यापाशी गेला का वापस येतच नाही. मंग पळून काय करता?"

रात्री झोप आली नाही. माझ्या वहीत तोवर ज्याचे त्याचे गुण तेवढे असत. सकाळी मी एक जादा रकाना आखला : एकाने चाल रचली, तेव्हा बाकीच्या चौघांनी किती बास्केट केल्या? तीन दिवसांत चित्र स्पष्ट झाले. नेमबाजाच्या वेळी चौघे प्रेक्षक. बुटक्याच्या वेळी पाचही नावांपुढे रेघा. नवल म्हणजे नेमबाजाच्या रेघाही फारशा घटल्या नव्हत्या. दोन-दोन रक्षक अंगाला चिकटण्याआधीच चेंडू त्याला मोकळ्या जागी मिळत होता.

शिकागो बुल्सचे असेच झाले होते. १९८६-८७ च्या मोसमात मायकेल जॉर्डनने सामन्यामागे सरासरी ३७.१ गुण केले आणि संघ पहिल्याच फेरीत बोस्टनकडून ३-० असा गारद झाला. पुढे फिल जॅक्सन प्रशिक्षक झाले, चेंडू सर्वांमध्ये फिरू लागला, पुष्कळदा स्कॉटी पिपेन चाल रचू लागला. १९९१ मध्ये बुल्सना पहिले अजिंक्यपद मिळाले. सर्वाधिक गुण तरीही जॉर्डनचेच!

पण हे त्या सोळा वर्षांच्या पोराला सांगायचे कसे? भीमकुंडावर मी त्याला बाजूला घेतले. कीचकाला मारून भीमाने इथे हात धुतले, अशी दंतकथा. 'कीचकदरा'वरून चिखलदरा झाले, असे म्हणतात. मी म्हटले, "विराटाच्या नगरीत कीचकासाठी भीम पुढे झाला. कौरवांनी गाई वळवल्या तेव्हा बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन. थोर कोण, हा वाद कुणी घातला नाही."

पोरगा काही बोलला नाही. दोन दिवस माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही. संघातला माझा उत्तम खेळाडू मीच गमावला, असे मला वाटू लागले. निघायच्या दिवशी सकाळी, धुक्यात, त्याने चेंडू उचलला आणि बुटक्याकडे टाकला. "घे, तू आण. मी कोपऱ्यात थांबतो."

त्या वर्षी आम्ही उपांत्य सामन्यात हरलो. पण मैदानावर कुणीही नुसते उभे नव्हते.

पुढे मायामी हीटची गोष्ट वाचली, तेव्हा तो कोपरा आठवला. २००६ चे अजिंक्यपद संघाला मिळवून देणारा ड्वेन वेड, आणि २०१० मध्ये आलेला लेब्रॉन जेम्स. पुढारी कोण, हे ठरेना. २०११ मध्ये डल्लासने अंतिम फेरीत त्यांना ४-२ असे हरवले. मग वेड एक पाऊल मागे सरला. २०१२ आणि २०१३, दोन्ही वर्षी मायामी अजिंक्य!

ती वही माझ्यापाशी अजून आहे. जादा रकान्याने मला काय करायचे ते दाखवले, एवढे खरे. पण निर्णय त्या धुक्यातल्या पोराने घेतला. तो माझा होता, असे मी कधी म्हणणार नाही.