सुजेची गोळी आणि रेशमाचा किडा

अक्कलदाढ काढल्यावर सुजेची गोळी घ्यावीच लागते का, असं एका वाचकाने विचारलं आहे. आपल्याकडे ही गोळी म्हणजे बहुधा सेराशियोपेप्टिडेज. कधी नुसतं, कधी वेदनाशामकाच्या जोडीने.

त्याचं मूळ रेशमाच्या किड्याच्या आतड्यात आहे. तिथल्या सेराशिया जिवाणूपासून हे प्रथिनं तोडणारं विकर मिळालं. पतंग कोश फोडतो तो याच विकराच्या जोरावर, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. पतंगाकडे स्वतःचं विकर असतं, कोकूनेज. तो ते तोंडातून कोशावर सोडतो, धाग्यांना जखडणारा डिंक सुटतो आणि धागे सारून तो बाहेर पडतो. इतक्या देखण्या करामतीचं श्रेय जिवाणूला का द्यायचं?

जपानच्या ताकेदा कंपनीने हे औषध वर्षानुवर्षं विकलं. पुढे नकली गोळीशी तुलना करून पाहिल्यावर फरक दिसेना, तेव्हा २०११ मध्ये कंपनीने ते स्वतःहून मागे घेतलं. आपल्याकडे मात्र ते अजून जोरात खपतं. अक्कलदाढेवरच्या काही छोट्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला आहे, पण पुरावा तोकडाच आहे.

मग लोकांना गुण येतो तो कसा? सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग आपोआप ओसरू लागते. तेव्हा जी गोळी चालू असेल, तिचं नाव होतं. शिवाय विश्वासानेही दुखणं खरोखर कमी होतं. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच हे तपासलं. नकली औषधाने ज्यांना आराम पडला होता, त्यांना अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन देताच दुखणं वाढलं. म्हणजे आराम देत होती ती शरीराने स्वतःच तयार केलेली वेदनाशामकं!

भक्कम पुरावा आहे तो आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉलच्या जोडीला. दोन्ही मिळून एकेकट्या गोळीपेक्षा सरस ठरतात. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा गरोदरपण असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका. पहिल्या दिवशी गालावरून बर्फाचा शेक द्या; जोरात चूळ भरू नका, खळग्यातली रक्ताची गुठळी निघून येते. तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढत असेल, ताप आला किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास झाला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. आणि चिठ्ठीवर सुजेची गोळी दिसली, तर ती कशासाठी, हे जरूर विचारा.